पाण्याखालचा कॅमेरा आणि पंच्याचा धागा

सुरतेत राहणाऱ्या गाण्याच्या मास्तराच्या कपाटात, तंबोऱ्याच्या गवसणीशेजारी, पाण्याखाली फोटो काढण्याचा कॅमेरा असावा याचे आमच्या शेजाऱ्यांना अजून हसू येते. त्यांचेही चुकत नाही. सुरतेला समुद्र आहे, पण तो काठावरून पाहण्याचा. आत डोकावण्याचा नव्हे. डुमसच्या काळ्या वाळूवर उभे राहिले की समोर पसरते ते तापीने आणलेल्या गाळाचे पाणी. त्यात खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी म्हणजे साऱ्या देशात मोठी. ती तो गाळ दिवसातून दोनदा ढवळून काढते. गुडघाभर पाण्यात उतरलेल्या माणसाला स्वतःच्या पायाची बोटे दिसत नाहीत. “मास्तर, फोटो कुणाचा काढणार, चिखलाचा?” असे समोरच्या माळ्यावरचे शेठजी दर दिवाळीला विचारतात, आणि मी दर दिवाळीला हसतो.

कॅमेरा माझा नव्हे, भाचीचा. समुद्रातील जीवांचा अभ्यास तिने हाती घेतला आहे. पावसाळा सरून पाणी निवळले की ती मालवणला जाते, आणि तिच्याबरोबर सामान सांभाळायला मी. कोकण रेल्वेने कुडाळ गाठायचे, तेथून पुढे मोटारीने तास-दीड तास. पाण्यात मात्र मी उतरत नाही. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि त्याची पहिली वर्दी कानाच्या पडद्याला लागते, हे तिने समजावून सांगितले तेव्हाच मी हात जोडले. ज्या कानांवर घर चालते ते समुद्राच्या हवाली कसे करावेत? तेव्हा ती खाली जाते आणि मी होडीत बसून कॅमेऱ्याची उस्तवार करतो. आमच्या घरी वाद्याची निगा वाजवण्याइतकीच महत्त्वाची मानली जाई. वडील दरबारी नोकरीतले; मैफलीहून कितीही उशिरा परतले तरी तारा पुसून, गवसणी चढवून मगच पानावर बसत. त्या जोरावर कॅमेऱ्याचे काम आपल्याला सहज जमेल अशी माझी घमेंड होती. ती कशी उतरली, तीच हकिकत आज सांगायची आहे.

जाता जाता एक गोष्ट. सुरत आणि मालवण यांचे नाते जुनेच आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाला प्रारंभ झाला. सुरतेचे द्रव्य त्या तटाच्या कामी आले असे परंपरेने सांगतात. सुरतेत मी हे फार मोठ्याने बोलत नाही. पण त्याच तटाखालच्या पाण्यात आज तोंडात नळी आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेली मंडळी बुड्या मारतात, आणि त्यांच्यात सुरतेची व बडोद्याची मंडळी काही थोडी नसतात. किल्ल्यासह तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा टापू १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या खडकांवर प्रवाळ आहेत, ही गोष्ट किल्ला पाहून परतणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते.

भाचीचे काम या प्रवाळांचेच. तिने सहा-सात मीटर खोलीवरचे पाच दगड निवडले आहेत. दगड म्हणायचे ते आपण. ते जिवंत प्रवाळ आहेत, गोल, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले. दर वर्षी त्याच पाचांचे, त्याच बाजूने, शेजारी मोजपट्टी धरून ती फोटो घेते. असले गोलमटोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. रंग त्याचा आणि बराचसा अन्नपुरवठाही त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा तापले आणि काही आठवडे तापलेलेच राहिले की हे शेवाळ घर सोडते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. पांढरा पडला म्हणजे मेला असे नव्हे. पाणी वेळेवर निवले तर तो पुन्हा सावरतो, न निवले तर त्यावर दुसरेच शेवाळ चढते आणि मग खेळ संपला. तो सावरला की गेला, हे एका फोटोवरून कळत नाही. फोटोंची ओळ लागते. गाण्यात जसा एकटा स्वर काही सांगत नाही, मागचा-पुढचा लागतो, तसेच. त्या ओळीतला एक स्वर मी गाळला.

ते समजण्यासाठी या कॅमेऱ्याची रचना थोडी सांगायला हवी. पाण्याखाली फोटो काढण्याची खटपट नवी नाही. १८९३ साली लुई बुताँ नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने बान्युल्स येथे, आपल्या भावाकडून पेटी करवून घेऊन, कॅमेरा समुद्रात उतरवला होता. पुढे कुस्तो यांच्या मंडळींसाठी एक कॅमेरा फ्रान्समध्ये तयार झाला. त्याला बाहेरची पेटीच नव्हती, सारे अंगच पाणबंद. १९६३ पासून तो जपानच्या निकॉनने ‘निकोनॉस’ या नावाने काढला आणि २००१ पर्यंत त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. फिल्मवर चालणारा तो कॅमेरा आता हौशी लोकांच्या संग्रहात गेला. आजचा प्रकार बहुधा वेगळा असतो: साधाच लहानसा कॅमेरा, आणि त्याला घालायला जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी. पेटीला मागे बिजागरीचे झाकण, एक कडी, आणि झाकणाच्या कडेने खाचेत बसवलेली रबरासारखी गोल रिंग. तिला ओ-रिंग म्हणतात. समुद्र आणि कॅमेरा यांच्यामध्ये उभी आहे ती एवढीच, वाताएवढ्या जाडीची.

ही रिंग पाहायला इतकी साधी की तिचे पेटंट कुणी घेतले असेल असे वाटत नाही. पण डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टनसेन या यंत्रज्ञाने सत्तरी उलटल्यावर ते अमेरिकेत मागितले आणि १९३९ साली त्याला ते मिळाले. रिंगेची युक्ती अशी. झाकण बंद केले की ती थोडी दबते आणि फट भरून काढते. पाण्यात गेल्यावर बाहेरचा दाब तिला खाचेच्या भिंतीशी आणखी घट्ट रेटतो. म्हणजे समुद्र स्वतःच दार लावून घेतो. जितके खोल जावे तितके अधिक घट्ट! माझी समजूत उलट होती. मी समजत असे की पेटीला धोका खोलीचा. वास्तविक पेटीत पाणी शिरते ते पुष्कळदा अगदी वर, पहिल्या हात-दोन हात पाण्यात, जेथे दाब रिंगेला मदत करण्याइतका नसतो. आणि शिरायला त्याला मोठे भोक लागत नाही. रिंगेवर आडवा पडलेला एक केस पुरे. केसाच्या दोन्ही अंगांना जी बारीक पोकळी राहते तीच पाण्याची पायवाट.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दोन दिवसांत तीन दगडांचे फोटो झाले होते, चौथा आणि पाचवा राहिला होता. त्या उन्हाळ्यात पाणी तापले होते. चौथ्याच्या डाव्या खांद्यावर पांढरी झाक दिसते आहे असे ती आदल्या दिवशी वर आल्यावर म्हणाली होती. सकाळी मी पेटी उघडली, बॅटरी बदलली, रिंग पुसली आणि झाकण लावले. रिंग पुसली ती खांद्यावरच्या पंच्याने. धुऊन धुऊन मऊ झालेला स्वच्छ पंचा, त्याच्याहून चांगले काय असणार असे मला वाटले. होडीच्या शिडीवरून कॅमेरा तिच्या हाती दिला. ती गेली. दोन मिनिटे झाली नाहीत तो तांडेल पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मामांनू, कॅमेऱ्यात पाणी गेलां.” ती हळूहळू वर येत होती. असल्या वेळीसुद्धा धावत वर यायचे नसते, फुप्फुसांना इजा होते. दोन्ही हातांत तिने पेटी काच खाली करून धरली होती, म्हणजे आत शिरलेले पाणी काचेच्या खळग्यात साचावे आणि कॅमेऱ्याच्या पाठीला कमी लागावे. पण निम्मी पेटी भरली होती.

होडीत तिने एकही शब्द उणा काढला नाही. मला ते अधिक लागले. पेटी उघडल्यावर तिने रिंग उचलून उजेडात धरली. पांढरा, बोटाच्या पेराएवढा सुती धागा तिला वेढा घालून बसला होता. वास्तविक धाग्याची करामत मला कुणी सांगायला नको. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एवढासाच धागा सरकवून आम्ही जवारी उघडतो. केसभर मागे की पुढे यावर तार बोलणार की बसणार हे ठरते. उभा जन्म त्या धाग्यामागे गेला आणि तोच मी रिंगेवर सोडून दिला.

यानंतर मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. भाची तांडेलाबरोबर दुसरा कॅमेरा मिळतो का ते पाहायला गेली असता मी खोलीवर येऊन, घरमालकिणीकडून मागून घेतलेल्या तांदळाच्या डब्यात ओला कॅमेरा पुरून ठेवला. मोबाइल भिजला की सगळे हेच करतात. तांदूळ ओल शोषून घेतो म्हणे. थोडीफार शोषत असेलही, पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी ते जागच्या जागी राहतात आणि हवेच्या दमटपणात तांब्या-पितळेच्या तारा खात बसतात. करायला हवे होते ते असे: बॅटरी ताबडतोब काढायची, आणि तीही जपून, कारण खाऱ्या पाण्याने तिच्यात आतल्या आत वीज वाहू लागून ती तापते, फोटोंचे कार्ड काढून शुद्ध पाण्यात हलकेच खळबळून सावलीत वाळवायचे, चार्जरला काहीही लावायचे नाही. कॅमेरा बहुधा जातोच, पण कार्ड पुष्कळदा वाचते. आमचे वाचले असते. दीड दिवस खाऱ्या ओलीत कॅमेऱ्यातच राहिल्याने त्याच्या सोनेरी पट्ट्या हिरव्या-काळ्या पडल्या. आदल्या संध्याकाळी घाईघाईत काढलेला चौथ्या दगडाचा एक फोटो त्यात होता, तोही गेला. दुसरा कॅमेरा मिळाला नाही, आणि दोन दिवसांनी वारा फिरून होड्या बंद झाल्या.

कॅमेऱ्याचे पैसे मी भरले. पैशाने ते वर्ष भरून निघाले नाही.

बडोद्याच्या वाचकांना येथे एक आठवण द्यावीशी वाटते. द्वारका, बेट आणि ओखा हा ओखामंडळाचा मुलूख आपल्या संस्थानातला. तेथील समुद्रात काय काय जिवंत आहे याची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली, आणि तिचा अहवाल १९०९ व १९१६ अशा दोन भागांत छापला. शिंपले, कालवे, किडे, प्रवाळ सारे त्यात आले. ज्या दरबारचे मीठ माझ्या वडिलांनी गाण्यासाठी खाल्ले, त्याच दरबारने समुद्रातल्या जीवांची मोजदाद करायलाही पैसा खर्चला होता, हे मला भाचीकडून कळले. ती म्हणते, “मामा, त्या अहवालाची आज किंमत का आहे, तर तो त्या वेळी झाला म्हणून. आज कितीही चांगले कॅमेरे घेऊन गेलात तरी १९०९ सालचा समुद्र तुम्हाला मिळायचा नाही.” यावर मी काय बोलणार? चार वर्षांपूर्वीचा मे महिनाही मिळायचा नाही.

तेव्हापासून रीत बदलली. आता पंचा खोलीतसुद्धा कॅमेऱ्याच्या बाजूला येत नाही.

रिंग बसवायची ती आदल्या रात्री किंवा पहाटे. होडीत कधीच नाही. पंखा बंद. हात साबणाने धुऊन वाळवायचे, केसांना रुमाल बांधायचा. रिंग काढताना सुई किंवा चाकूचे टोक लावले की खाचेवर ओरखडा पडतो, आणि तो रिंगेवरच्या ओरखड्याहून वाईट, कारण रिंग नवी मिळते, पेटी मिळत नाही. दोन अंगठ्यांनी रिंग एकमेकांकडे रेटली की मध्ये कमान उभी राहते, ती चिमटीत धरून उचलायची. मग ती डोळे मिटून बोटांमधून फिरवायची. भाचीला याचे हसू येते, पण वाळूचा कण, चीर, चपटेपणा बोटाला आधी कळतो आणि डोळ्याला मागाहून. खाच पुसायला चष्म्याचे तंतू न सुटणारे फडके. कापसाची काडी वापरायची तर नंतर तिचा कापूस मागे राहिला नाही ना हे पाहावे लागते. मग सिलिकॉनचे ग्रीज, तांदळाच्या दाण्याएवढे. माझा पहिला समज असा की जितके ग्रीज अधिक तितके पाणी कमी. अगदी उलट! ग्रीज पाणी अडवत नाही. ते रिंगेला फक्त सरकती आणि मऊ ठेवते. जाड थर दिला की त्याला वाळू आणि केस चिकटतात. रिंगेवर नुसती चकाकी यावी, बोटाला गोळा लागू नये. आणि ग्रीज ज्या कंपनीची पेटी तिचेच. काही रिंगा स्वतःच सिलिकॉनच्या असतात; त्यांना भलतेच ग्रीज लावले तर फुगतात आणि खाचेत बसेनाशा होतात.

झाकण लावण्यापूर्वी आत सिलिका जेलची एक पुडी. आत कोंडलेली दमट हवा पाण्यात गार झाली की काचेवर आतून धुके धरते आणि मग तासभर पाण्यात राहून हाती दूधपाण्याचे फोटो येतात. त्यासाठीच पेटी होडीत उन्हात ठेवायची नाही, ओल्या टॉवेलखाली ठेवायची. कडी लावल्यावर रिंग काचेतून सगळीकडे सारख्या काळ्या रेघेसारखी दिसली पाहिजे. कोठे ती फिकट दिसली तर तेथे काहीतरी आहे. शेवटी बादली. पेटी गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून मी मांडी घालून समोर बसतो. हलवल्यावर दोन-चार बुडबुडे सुटतात ते बाहेर अडकलेल्या हवेचे. पण एकाच जागेतून माळ लागली तर पेटी त्या दिवशी जात नाही. मोहिमेच्या आरंभी हीच परीक्षा रिकाम्या पेटीत कागदी रुमाल ठेवून होते.

समुद्रातून वर आल्यावरचे काम याहून सोपे, पण कंटाळवाणे, म्हणून तेच चुकते. खारे पाणी वाळू द्यायचे नाही. वाळले की बटणांच्या दांड्यांभोवती मिठाचे खडे धरतात. हे खडे धारदार असतात. बटण दाबले की आतल्या चिमुकल्या रिंगा ते कापतात, आणि त्या रिंगा आपल्याला दिसतही नाहीत. म्हणून कॅमेरा वर आला की थेट गोड्या पाण्याच्या बादलीत. पुष्कळ होड्यांवर सगळ्यांचे मिळून एक टब असते. त्यात दहा जणांच्या काचा एकमेकींवर आपटतात, आणि अंगाला चोपडलेली उन्हाची क्रीम पाण्यावर तरंगत असते; मी आपली वेगळी बादली नेतो. खोलीवर गेल्यावर ताज्या पाण्यात निदान अर्धा तास, आणि पाण्यात असतानाच एक एक बटण वीस-वीस वेळा दाबायचे. सरगम घोटावी तसे. नुसते बुचकळून काढण्याने क्षार विरघळत नाहीत. नंतर बाहेरून पूर्ण कोरडे होईपर्यंत उघडायचे नाही, आणि उघडताना झाकण खाली करून, म्हणजे कडेला लपलेला थेंब जमिनीवर पडेल, कॅमेऱ्यावर नाही. स्वतःचे केस ओले असतील तर दुसऱ्याला उघडायला सांगावे. हा दुसरा म्हणजे मी.

घरी सुरतेला आल्यावर निराळे शत्रू. एक म्हणजे हवेतला धागा. आमच्या बाजूला कापडाचे माग रात्रंदिवस चालतात. सकाळी पुसलेल्या हार्मोनियमवर संध्याकाळी बारीक लव बसलेली असते. दुसरा पावसाळा. जून ते सप्टेंबर काचेवर बुरशी धरते, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी ती भिंगात उतरली की पुसून जात नाही. कॅमेरा आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, आणि ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. याबद्दल आमच्या घरात एक लहानसे युद्ध होऊन गेले आहे. पेटीचे झाकण लावून ठेवत नाही, नाहीतर चार महिने दबून रिंग चपटी होते. ती काढून वेगळ्या पुडीत. वर्षाकाठी नवी.

सुरतेने मात्र एक उपकारही केला. माझ्याकडे हिऱ्यांच्या कारखान्यातला एक मुलगा भजने शिकायला येतो. धाग्याची हकिकत ऐकून दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून आयग्लास काढून माझ्या हातावर ठेवला. हिऱ्यातली खोट शोधतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग. “रिंग यातून बघा, मास्तर,” म्हणाला. ते डोळ्याला लावून मी पहिल्यांदा आमची जुनी, वरवर निर्दोष दिसणारी रिंग पाहिली, तेव्हा तिच्यावर तीन ठिकाणी नखाएवढ्या चिरा होत्या.

गेल्या मोसमात चौथ्या दगडाच्या डाव्या खांद्यावर, अंगठ्याएवढ्या जागेत, तपकिरी रंग दिसला. पांढरे पडलेले पुन्हा सावरले, की ते मेले आणि त्यावर नवा जीव येऊन बसला, याचा निर्णय भाचीला करता येत नाही. मधला फोटो नाही. तिच्या वहीत पाच दगडांचे पाच रकाने आहेत, वर्षावार फोटो लावलेले. त्या वर्षाच्या चौथ्या चौकोनात तिने चिकटपट्टीखाली पंच्याचा तो पांढरा धागा लावून ठेवला आहे.